विजेची सूत्रं तुमच्या डोक्यात कशी बसली? अनुभव लिहा

मुलगा यंदा नववीत आहे. धाराविद्युतचा धडा सुरू झाल्यापासून घरात पाढ्यांसारखी सूत्रं ऐकू येतात. सगळं तोंडपाठ, पण गणित समोर आलं की गाडी अडते. परवाचं गणित: विभवांतर २२० व्होल्ट, रोध ११० ओहम, धारा किती? त्याने गुणाकार करून २४,२०० अँपिअर लिहिले आणि पान उलटलं. भागाकार करून उत्तर २ येतं हे त्याला सांगता आलं असतं, पण २४,२०० लिहिताना त्याला काहीच खटकलं नाही, याचं मला वाईट वाटलं. मीसुद्धा असाच शिकलो होतो. तुम्हाला ही सूत्रं कशामुळे लक्षात राहिली? युक्ती असेल तर युक्ती, प्रसंग असेल तर प्रसंग, सविस्तर लिहा.

शिकवणीतली युक्ती
आमच्या सरांचे दोनच शब्द: वीर आणि वीट. व्ही (विभवांतर) म्हणजे आय (धारा) गुणिले आर (रोध), सलग वाचलं की वीर. ऊर्जा म्हणजे व्ही, आय आणि टी (वेळ) यांचा गुणाकार, झाली वीट. वीट उचलायला ताकद लागते, म्हणून ती ऊर्जेची. दहावी होऊन वीस वर्षं झाली, पण अजून विसरले नाही.

विज्ञान शिकवते
वीर ठीक आहे, व्ही, आय, आर त्रिकोणात लिहून हवं ते अक्षर बोटाने झाकून उत्तर काढणंही ठीक आहे. पण मी मुलांना एककांच्या वाटेने नेते. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कुलोम प्रभार. व्होल्ट म्हणजे कुलोममागे एक ज्यूल ऊर्जा. गुणाकार करा, कुलोम कटतो, सेकंदाला किती ज्यूल ते उरतं आणि तोच वॅट. शक्तीचं सूत्र पाठ करायची गरजच राहत नाही. आणि पालकांनो, एवढं बघाच: मिनिटांचे सेकंद केले का? उष्णतेच्या गणितात सगळ्यात जास्त मुलं तिथेच मार खातात.

शेतकऱ्याच्या घरातली
आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर होती. उन्हाळ्यात रात्रपाळीची लाईट, सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू, त्यामुळे डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घूंऽऽ करायची, पाणी नाही. एका रात्री ती जळाली. वडिलांबरोबर मी रिवायंडिंगवाल्याकडे गेले. त्याने वेटोळं उपसून हातात दिलं. तांब्याची तार कोळशासारखी काळी, वरचं वार्निश पापुद्र्यासारखं सुटत होतं आणि वास असा की दप्तरालाही लागला.

मी तेव्हा दहावीत होते. सरांना विचारलं, व्होल्टेज कमी झालं तर धारा कमी व्हायला हवी ना? मग तार जळली कशी? सर खूश झाले. म्हणाले, ओहमचा नियम तारेचा रोध आणि तापमान तेच राहतं तेव्हाचा. फिरती मोटर स्वतः विजेचा उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते आणि धारेला आवरून धरते. ती फिरेनाशी झाली की आवरणारं कोणी नाही, धारा भसकन वाढते. आणि उष्णता धारेच्या वर्गात वाढते: धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. तो वर्ग मला कधी पाठ करावा लागला नाही. ती काळी तार आठवली की झालं.

आयटीआय, वीजतंत्री
आमच्या निदेशकांनी पहिल्याच आठवड्यात सिरीज बोर्डावर १०० आणि ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले. कुठला जास्त पेटेल? सगळे म्हणालो, शंभरचा. पेटला साठचा! मग फळ्यावर हिशेब: २३० चा वर्ग भागिले वॅट. शंभरच्याचा रोध ५२९ ओहम, साठच्याचा सुमारे ८८२. एकसर जोडणीत धारा दोघांत सारखी, म्हणून रोध जास्त त्याच्याकडे उजेड जास्त. (रोध तापल्यावरचा धरलाय, तरी प्रत्यक्षात चित्र हेच दिसतं.) समांतर जोडले की उलट. आता गिऱ्हाईक गिझर साध्या सॉकेटवर लावा म्हणतं, तेव्हा मी तिथेच भागाकार करून दाखवतो: २००० भागिले २३०, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. सहाचं सॉकेट वितळणारच.

छोटीशी भर
धारेला 'आय' का, हे कुणी सांगत नाही. ज्याच्या नावाने एकक आहे तो शास्त्रज्ञ अँपिअर फ्रेंच होता. तो धारेच्या तीव्रतेला जो शब्द वापरायचा, त्याचं पहिलं अक्षर ते. हे कळल्यावर माझ्या मुलीचा गोंधळ थांबला.

पुन्हा मीच
सगळं मुलाला वाचून दाखवलं. रविवारी आम्ही फ्रीज, पंखे, दिवे बंद केले आणि गार इस्त्री लावली. तिच्यावर १००० वॅट लिहिलंय. आमच्या मीटरचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. त्याने आधी वहीत हिशेब मांडला: १००० वॅट म्हणजे तासाला एक युनिट, तासाला ३२०० लुकलुक, म्हणजे मिनिटाला ५३. मग मी घड्याळ धरलं, त्याने मोजले. ५५ भरले. "बाबा, दोन जास्त आहेत," म्हणत तो घरभर फिरला आणि टीव्हीमागे राउटर आणि सेटटॉप बॉक्स चालू सापडले.