उभ्या गाडीला आपला धक्का लागला आणि मालक जवळ नाही: चिठ्ठी ठेवावी की निघून जावं?

पायवाट (धागा सुरू करणारा)

परवा पार्किंगमधून गाडी मागे घेताना शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या दाराला माझ्या बंपरचा कोपरा घासला. आवाज फार नव्हता, एकदाच खर्र झालं. उतरून पाहिलं तर दारावर वीतभर लांब चरा. मधोमध माझ्या गाडीचा पांढरा रंग लागलेला, आणि एका टोकाला तिळाएवढा रंग उडून आतला करडा थर दिसत होता.

मालकाचा पत्ता नाही. शेजारच्या सीटवर माझा मोठा भाऊ होता. तो म्हणाला, "एवढ्याशा ओरखड्यासाठी काय थांबतोस? चल." मी वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, आसपास दोघा-तिघांना विचारलं. शेवटी औषधाच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर नाव, फोन, गाडीचा नंबर आणि कुठे लागलं ते लिहून कागद वायपरखाली अडकवला. दोन्ही गाड्यांचे फोटो काढले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. शांतपणे बोलले, खर्चाचा अंदाज घेऊन कळवतो म्हणाले. तेव्हापासून घरात वाद चालू आहे. भाऊ म्हणतो, धोंडा आपणहून पायावर पाडून घेतलास. मी म्हणतो, नुकसान किरकोळ आहे की नाही हे धक्का देणाऱ्याने ठरवायचं नसतं. गाडी ज्याची, त्याने ठरवावं. तुमचं मत सांगा.

सरळरेघ

मी तुमच्या भावाच्या बाजूचा. गाडी रस्त्यावर आणली की ती घासणारच. माझ्या गाडीला आजवर चारदा लोकांनी खरचटवलंय, एकानेही चिठ्ठी ठेवली नाही आणि मीही कुणाला शोधत बसलो नाही. प्रत्येक चऱ्यासाठी फोन, गॅरेज, अंदाजपत्रक करत बसलो तर माणसाने कामधंदा कधी करायचा? शिवाय समोरचा कोण, कसा, काहीच माहीत नसताना नाव आणि नंबर उघड्यावर सोडून जायचं? काच फुटली, दिवा फुटला, पत्रा आत गेला तर जरूर थांबावं. चऱ्याला नाही.

निळी छत्री

पटलं नाही. तुमच्या गाडीला ज्या चौघांनी खरचटवलं, त्यांचा हिशेब पाचव्या माणसाच्या गाडीवर कसा चुकता होतो?

आमच्याकडे घडलेलं सांगते. गाडी बाबांची. ते रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसतात, म्हणून त्यांना त्याच दिवशी कळलं. मागच्या चाकावरच्या कमानीला कुणीतरी ठोकून गेलं होतं. पोचा अगदी बोटाच्या पेराएवढा. बाबा म्हणाले, राहू दे. पावसाळ्यात त्या जागी रंगाला फोड आला. फोड नखाने उचलला तर खाली तांबूस गंज, आणि तो रंगाखालून कडेकडेने पसरलेला. वेळीच कळलं असतं की रंग पत्र्यापर्यंत फाटलाय, तर एका बैठकीत काम झालं असतं. पुढे तो भाग घासून, लांबी (पुटी) भरून सगळा नव्याने रंगवावा लागला.

खर्चाचं दुःख एकवेळ विसरता येतं. पण बाबा अजून गाडी पुसताना तिथे अंगठा फिरवून बघतात. जो निघून गेला त्याला वाटलं असणार, एवढंसं तर आहे.

पत्राकाम

डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, म्हणून "एवढंसं" कसं ओळखायचं ते सांगतो. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांइतकी जाडी. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, त्याखाली रंग, त्याखाली प्रायमर, मग पत्रा. ओरखड्यावर थोडं पाणी टाका. चरा दिसेनासा झाला तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. नख आडवं फिरवलं आणि ते अडकलं तर चरा खोल आहे, नुसतं पॉलिश पुरणार नाही. करडं किंवा पांढरट दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय. चकाकता पत्रा दिसला तर गंज लागायच्या आत झाकायला हवा.

पायवाट, तुमचा पांढरा रंग त्या दारावर लागलाय तो पुष्कळदा कंपाउंडने (रंग घासून उजळायच्या पेस्टने) निघून जातो. वीतभर वाटणारा चरा मग दोन बोटांचा उरतो. मात्र तो तिळाएवढा टवका खरा.

आता उलट बाजू. बंपर प्लास्टिकचा असतो, दाबला जातो आणि परत बाहेर येतो. वरून काही झालेलं दिसत नाही, पण आतले क्लिप किंवा कान तुटलेले असतात आणि महिन्याभरात तो एका बाजूने लोंबायला लागतो. हल्लीच्या गाड्यांत बंपरला पार्किंगचे सेन्सर असतात, काहींमध्ये मागे रडार असतं. ते जरासं वाकडं झालं तर गाडीला चुकीचं दिसतं. त्यामुळे "काही झालं नाही" असं बाहेरून बघून ठरवू नका. मीही बंपर उतरवल्याशिवाय सांगत नाही.

मेटॅलिक रंगाचं आणखी वेगळं. बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण कोड जुळला तरी उन्हाने फिकट झालेल्या गाडीवर नवा रंग वेगळा दिसतो. मग शेजारच्या भागावरही रंग विरवत न्यावा लागतो. चरा एका दाराला, काम दोन भागांचं. मालक खोटं बोलतोय असं लोकांना वाटतं, पण ते काम खरंच तेवढं असतं.

ओंजळ

मी चिठ्ठी ठेवली आणि पस्तावले, म्हणून दुसरी बाजूही नोंदवते.

माझ्या गाडीचा कोपरा एका उभ्या गाडीच्या मागच्या बंपरला टेकला होता. घाबरून मी लिहिलं, "माझीच चूक, सगळा खर्च भरून देईन." मालकाने बंपर, दिवा आणि वर डिकीचा पोचा, अशी यादी पाठवली. डिकीचा पोचा माझ्या बंपरपेक्षा हातभर उंचीवर होता. तिथे मी लावूच शकत नव्हते. पण माझ्याकडे फोटो नव्हते आणि माझ्या हस्ताक्षरात "सगळा खर्च" लिहिलेलं होतं.

त्यात मला ठाऊक नव्हतं की अनेक विमा पॉलिसींत अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशांचं वचन द्यायचं नाही. विमा कंपनीने त्यावर बोट ठेवलं. अखेर बरेचसे पैसे मी पदरचे भरले.

मी चुकीचं वागले असं मला आजही वाटत नाही. पण प्रामाणिक राहा एवढं सांगून लोकांना सोडून देणं बरोबर नाही. सांगायचं तर पूर्ण सांगा.

सरळरेघ

ताई, मी हेच म्हणतोय! चांगुलपणा करणाऱ्यालाच भुर्दंड. म्हणून तर लोक निघून जातात.

ओंजळ

दादा, तसं नाही. मी निघून जा म्हणत नाहीये. चिठ्ठीत घडलं तेवढंच लिहा: तारीख, वेळ, माझ्या गाडीचा कुठला भाग त्यांच्या कुठल्या भागाला लागला, नाव आणि फोन. "सगळा खर्च देईन" लिहू नका. फोटो जवळून एक आणि लांबून एक, दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे. आणि लागलेल्या जागेची जमिनीपासूनची उंची दिसेल असा एक. तो एक फोटो असता तर डिकीचा पोचा माझ्या गळ्यात आला नसता.

कलमवाचक

निघून जावं की नाही हा फक्त मनाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. भारतातल्या मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ माणूस जखमी झाला तेवढ्यापुरतं आहे असा समज आहे. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. पोलीस जागेवर नसेल तर शक्य तितक्या लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवायचं असतं. ब्रिटनच्या १९८८ च्याच रस्ता वाहतूक कायद्यातलं कलम १७० असंच आहे. थांबायचं, माहिती द्यायची, नाही देता आली तर २४ तासांत पोलिसांना सांगायचं. जर्मनीत तर दंडसंहितेचं कलम १४२ आहे आणि तिथे वायपरखालची चिठ्ठी पुरेशी मानत नाहीत. वाजवी वेळ थांबायचं आणि मग विनाविलंब मालकाला किंवा पोलिसांना कळवायचं. कॅलिफोर्नियात चिठ्ठीही ठेवायची आणि पोलिसांनाही कळवायचं.

चऱ्याची रक्कम लहान असते, पण निघून गेलं की तो वेगळा गुन्हा होऊ शकतो. सरळरेघ, तुमचं खर्चाचं म्हणणं समजतं, पण पळण्यात धोका जास्त आहे. बऱ्याच पार्किंगमध्ये आता कॅमेरा असतो.

सरळरेघ

कॅमेऱ्याच्या भीतीने मी काही करत नाही. कायद्याचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण माझा मुद्दा तसाच आहे. दोन माणसांत पाच मिनिटांत मिटणाऱ्या गोष्टीला आपण कागदांचं एवढं ओझं घालतोय की साधा माणूस हात जोडून निघून जाईल. मालक समोर असता तर मी कधीच गेलो नसतो. हात पुढे केला असता आणि विषय संपवला असता. नसलेल्या माणसाची वाट किती बघायची?

निळी छत्री

चिठ्ठी असते ती नसलेल्या माणसासाठीच ना? बाबांनी त्या माणसाकडून एक पैसा घेतला नसता, मी खात्रीने सांगते. त्यांना फक्त कळायला हवं होतं.

पत्राकाम

मिटवायचंच असेल तर विम्यात न जाता परस्पर मिटवता येतं, आणि लहान कामाला बऱ्याचदा तेच परवडतं. दावा केला की स्वतःच्या खिशातून भरायचा ठरावीक भाग असू शकतो, आणि पॉलिसीप्रमाणे नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो. पण विमा कंपनीला विचारून मगच. आणि पैसे दिले की दोन ओळी लिहून घ्या: अमुक तारखेचं, अमुक गाडीचं, अमुक दाराचं नुकसान पूर्ण भरून मिळालं. सही घ्या. मालकाने आणलेलं अंदाजपत्रक आंधळेपणाने मानू नका, पण गाडी दुसरीकडेही दाखवू का, असं नीट विचारा. भांडून विचारलं तर कुणीच दाखवत नाही.

पायवाट

सगळ्यांचे आभार. काल त्या गृहस्थांना भेटलो. पत्राकाम यांनी सांगितलं तसंच झालं. माझा पांढरा रंग कंपाउंडने निघाला, मधला चरा पॉलिशने गेला, टवक्यावर टच-अप केलं. जवळून बघितलं तर ठिपका दिसतो, ते म्हणाले चालेल. झाला तेवढा खर्च मी दिला आणि ओंजळताई, तुमचं वाचून आधी विमा कंपनीला फोन केला होता. पावतीवर दोघांच्या सह्या आहेत.

एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. रात्री दव पडून माझ्या चिठ्ठीतली शाई पसरली होती. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे त्यांनी अंदाजाने लावले. तिसऱ्या प्रयत्नात मी लागलो. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला हवी होती. आता गाडीच्या कप्प्यात एक बॉलपेन, चार कोरे कागद आणि दोन पिशव्या ठेवल्यात.

भाऊ सोबत आला होता. त्याचं मत बदललेलं नाही.