अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या लसींची नोंद: सही कोणाची?

टेक्सासातल्या फ्रिस्कोहून, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला जातोय. मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येते त्या आजाराची, लस घेतल्याचा पुरावा कॉलेजने मागितलाय: लस गेल्या ५ वर्षांतली हवी आणि सत्र सुरू व्हायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. सोळाव्या वर्षी ती त्याला दिली होती. दंड सुजला होता, हेसुद्धा आठवतंय. पण ते डॉक्टर आता निवृत्त झाले आणि क्लिनिक बंद पडलं. नव्या क्लिनिकने राज्याच्या लसनोंदींच्या रजिस्ट्रीत, म्हणजे इम्ट्रॅक-२ मध्ये शोधलं, तर नावच सापडेना. जन्म ह्यूस्टनचा, सगळ्या लसी टेक्सासातच झाल्यात. गेल्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली. त्या दिवशी सगळं पुसून टाकतात का? आणि बाप म्हणून मी सही करून नोंद मागवली तर चालेल का? कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

केटीहून, बुधवार पहाटे

दादा,

पुसलेलं नाही, आधी तो घोर सोडा. गेली १४ वर्षं मी लहान मुलांच्या दवाखान्यात लसींच्या टेबलावर आहे. महिन्यातून एकदा तरी हाच प्रश्न घेऊन कोणीतरी येतंच.

आपल्या टेक्सासचा कायदा बहुतेक राज्यांच्या उलट आहे. तिथे बहुतेक करून नोंद आपोआप होते, नको असेल त्याने तसं कळवायचं. इथे लेखी संमती असेल तरच नोंद ठेवतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला लस दिली की डॉक्टरने ३० दिवसांत राज्याला कळवायचं असतं, पण आईवडिलांची संमती नसेल तर राज्य ती माहिती ठेवून घेत नाही. ही संमती बहुतेकांना बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलमध्येच विचारतात, जन्मदाखल्याच्या कागदांबरोबर. दोन रात्रींची झोप नाही, बाळ दूध ओढत नाही, आणि समोर कागदांचा गठ्ठा. हो म्हटलं की नाही, हे अठरा वर्षांनी कोणाला आठवणार?

आता अठरा पूर्ण झाल्याचं. त्या दिवशी तुमची संमती संपते. पुढे नोंद ठेवायची तर मुलाने स्वतः मोठ्या माणसाच्या फॉर्मवर सही करायची. त्यासाठी २६व्या वाढदिवसापर्यंत मुदत आहे. तोवर केली नाही तर मात्र नोंद काढून टाकतात. तुमची सही चालणार नाही, वहिनींचीही नाही. टेबलावर हे सांगितलं की आईवडिलांचा चेहरा पडतो. कालपर्यंत ज्याला मांडीवर धरून टोचून घेतलं, त्याची फाइल आपल्याला बघता येत नाही! पण खरं सांगते, मला हा नियम योग्य वाटतो.

नाव न सापडण्याचं कारण दुसरंही असू शकतं, आणि ते खास आपल्या लोकांचं आहे. तुमच्या मुलाच्या वेळी जन्मल्या जन्मल्या बाळाला काविळीची लस देत, हिपॅटायटिस बी. आपल्याकडे नाव ठरतं बारशाला. तोपर्यंत हॉस्पिटलच्या कागदांवर मूल "बेबीबॉय" आणि पुढे आडनाव. पहिला डोस त्या नावावर चढतो, पुढचे खऱ्या नावावर, आणि एकाच मुलाच्या दोन अर्धवट नोंदी होतात. त्यात आपण मधल्या नावाच्या जागी वडिलांचं नाव लिहितो, कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. फॉर्मवर आईचं माहेरचं आडनाव विचारतात, तिथे सवयीने सासरचं लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. क्लिनिकला सांगा की जन्मतारीख आणि वहिनींचं माहेरचं आडनाव घालून "बेबीबॉय" म्हणूनही शोधा. मुलाला सोबत घेऊन जा, आता बोलायचं त्यालाच आहे.

ऑस्टिनहून, बुधवार दुपारी

ताई, माहिती फार कामाची आहे, पण एक काळजी मांडतो. मी डेटा सुरक्षेत काम करतो. २०२३ च्या जूनमध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला की कोविनवर, म्हणजे भारत सरकारच्या कोविड लसीकरणाच्या पोर्टलवर, नोंदवलेली माहिती समोर येते, अशा बातम्या आल्या होत्या. कोविन सुरक्षित आहे असं सरकारने सांगितलं, पण माझ्या आईने त्या दिवशी फोन करून विचारलं, "माझा आधार नंबर कोणाकोणाकडे गेला रे?" मला उत्तर देता आलं नाही. इथे २०२५ च्या जूनमध्ये काही राज्यांतल्या मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा) लाभार्थींची माहिती होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशन ज्याच्या हाताखाली येतं त्या खात्याकडे, गेली. ती लोकांनी औषधपाण्यासाठी दिली होती. आपल्यातले निम्मे लोक व्हिसावर आहेत. फॉर्मवर पत्ता, फोन, वंश, आईचं माहेर, सगळं लिहायचं आणि ते पुढे कोण वाचणार? दवाखान्यात "हे नेहमीचंच आहे, इथे सही करा" म्हणतात, त्याला मी संमती मानत नाही.

केटीहून, बुधवार रात्री

भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य मी उद्या आमच्या टेबलावरच्या मुलींना वाचून दाखवणार आहे. ते शंभर टक्के खरं आहे. हा फॉर्म विम्याच्या कार्डाची झेरॉक्स आणि पैशांची हमी यांच्या मधे क्लिपबोर्डला लावलेला असतो. बाळ रडत असतं आणि लोक पान न उलटता सही करतात. मी काय करते ते सांगते. तो कागद बाहेर काढते, त्यांच्याकडे फिरवते आणि "ही माहिती कोण बघू शकतं" हा चौकोन मोठ्याने वाचते. अर्धा मिनिट जातो.

त्या चौकोनात पाच जण आहेत. आपल्या भागाचा सार्वजनिक आरोग्य विभाग. लस देणारा डॉक्टर, तोही आपण त्याचे पेशंट असू तर. मूल राज्याच्या ताब्यात असेल तर ती सरकारी संस्था. मूल जिथे शिकतं ती टेक्सासमधली शाळा किंवा पाळणाघर. आणि पाचवी आपली विमा कंपनी, ज्यांचा विमा तिच्याकडे आहे त्यांच्यापुरती. पाचवं नाव वाचलं की लोक मान वर करतात. वीसातले दोघे तिथेच पेन खाली ठेवतात, आणि मी फॉर्म परत घेते. लस द्यायची थांबत नाही. सही न करणाऱ्याला लस मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

पोलीस, इमिग्रेशन किंवा नोकरी देणारी कंपनी त्या यादीत नाहीत. कायदा उद्या बदलू शकतो हे मला मान्य आहे, तशी हमी मी कोणाला देत नाही. पण दिलेली संमती कधीही मागे घेता येते, त्याचा वेगळा फॉर्म राज्याच्या आरोग्य खात्याकडे भरायचा असतो. हे सुद्धा मी त्याच वेळी सांगते. आणखी एक: हिपा (रुग्णांची माहिती खाजगी ठेवण्याचा अमेरिकेचा कायदा) आहे म्हणून आपल्याला विचारल्याशिवाय काही जात नाही, असा पुष्कळांचा समज आहे. सार्वजनिक आरोग्य खात्याला माहिती द्यायला हिपा आडवा येत नाही. इथे आपल्याला विचारतात ते टेक्सासच्या स्वतःच्या कायद्यामुळे. त्यालाही अपवाद आहे. कोविडच्या लसी आणीबाणी म्हणून संमतीशिवाय नोंदवल्या गेल्या. आणीबाणी संपल्यावर ५ वर्षांनी त्या काढायच्या, वेगळी संमती असेल तर ठेवायच्या, असा नियम आहे.

दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. २०२५ च्या जानेवारीत पश्चिम टेक्सासात गोवर सुरू झाला. ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर ७६२ रुग्ण आणि दोन मुलं गेलेली. त्या महिन्यांत आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. एक आई आठ महिन्यांची पोटुशी, पुण्याहून आणलेलं लसीकरणाचं कार्ड घेऊन आली होती. घडीवर शाई विरघळलेली, गोवराच्या रकान्यात नुसता निळा डाग. गरोदरपणात गोवराची लस, एमएमआर, देता येत नाही, म्हणून रक्त तपासून घेण्यापलीकडे आमच्या हाती काही नव्हतं. चार दिवस तिने निकालाची वाट बघितली. नोंद म्हटलं की मला तो डाग दिसतो.

सही करा असं मी म्हणत नाही. वाचा, आणि हो किंवा नाही ते तुम्ही स्वतः ठरवा. नाही म्हणालात तर मूळ कागद जपा, फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

शुगरलँडहून, गुरुवार

आम्ही न्यू जर्सीहून आलो. तिकडे १९९८ पासून जन्मलेली मुलं आपोआप रजिस्ट्रीत जातात, नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचं. त्यामुळे इथेही सगळं असेल असं धरून चाललो आणि लेकीच्या शाळाप्रवेशाच्या आठवड्यात धावपळ झाली. शेवटी जुन्या डॉक्टरांकडून प्रती मागवल्या. राज्य बदलणाऱ्यांनी निघण्यापूर्वी छापील प्रत हातात घ्यावी.

फ्रिस्कोहून, शनिवार

ताई, सापडली. दोन नोंदी होत्या. एक "बेबीबॉय", एकच डोस, जन्माच्या दिवसाचा. दुसरी त्याच्या नावाची, पण माझं नाव त्याच्या नावाला जोडून एकच शब्द केलेला, आणि आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी आमचंच आडनाव. मेनिंजायटिसची तारीख त्यात आहे. क्लिनिकने दोन्ही एकत्र करायला पाठवल्यात, आणि कॉलेजसाठी सही-शिक्क्याचा कागद मिळाला.

नोंद पुढेही ठेवायची म्हणून जो मोठ्या माणसाचा फॉर्म आहे, त्यावर मात्र मुलाने तिथे सही केली नाही. विमा कंपनीचं वाचून त्याने काउंटरवर विचारलं, की मी बाबांच्या विम्यावर आहे तर कंपनीला दिसलेलं बाबांनाही दिसेल का. त्या बाईंना सांगता येईना. फॉर्म घरी आणलाय, फ्रिजवर लावलाय. विमा कंपनीला सोमवारी तो स्वतः फोन करणार आहे.