'रेझिलियन्स'ला काय म्हणावं? लवचिकता, तग, की आणखी काही?

पानपुसणी
ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करायची आहे. वापर अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात. मूळ मजकुरात दर दोन पानांनी 'कम्युनिटी रेझिलियन्स' येतं, म्हणजे संकट आलं तरी गावानं टिकणं. खर्ड्यात 'सामुदायिक लवचिकता' ठेवलं, तर तपासणाऱ्याचा शेरा आला : 'लवचिकता योगासनात असते, गावात नाही.' 'क्लायमेट रेझिलियंट'साठी 'हवामान अनुकूल' हा सरकारी शब्द आहे, पण तो मला उलटा वाटतो. वाक्य असं : 'हा निधी गावाची ____ वाढवणाऱ्या कामांसाठी वापरावा.' भरा गाळलेली जागा.

कोशकिडा
स्थितिस्थापकत्व. ताण काढला की वस्तू मूळ आकारात येते, तो गुण. तयार शब्द असताना नवा कशाला पाडायचा? आणि जाता जाता : 'लवचीक' दीर्घ, 'लवचिकता' ऱ्हस्व. खर्ड्यात तेवढं तरी बरोबर असेल अशी आशा.

ठरावबुक
'स्थितिस्थापकत्व' ग्रामसभेत एका दमात वाचून दाखवा, मग बोलू. शिवाय अर्थही चुकतो, कोशकिडा सर. मूळ आकारात येणं म्हणजे पुरात गेलेली मोरी होती तशीच, होती त्याच जागी, त्याच पाइपाची बांधणं. पुढच्या जुलैत ती परत जाते. 'पूर्ववत करणे' हा दुरुस्तीच्या कागदावरचा शब्द झाला. पुस्तिकेला त्याच्या पुढचं काही हवं आहे.

वर्धाकाठ
'हवामान अनुकूल' खरंच उलटा आहे. कृषी सल्ल्यात 'हवामान अनुकूल असल्यास फवारणी करावी' वाचतो, म्हणजे वारा पडलेला, पाऊस नाही. तोच शब्द बिघडलेल्या हवामानात टिकणाऱ्या शेतीला कसा लावायचा?

कोशकिडा
जोडून लिहा, 'हवामानानुकूल'. हवामानाला अनुकूल अशी शेती. समास सुटा लिहिला की असा गोंधळ होतो. दोष शब्दाचा नाही, मधल्या जागेचा आहे.

तळटीप
पोकराचं नाव बघा, गंमत आहे. इंग्रजी नाव 'प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलियंट ॲग्रिकल्चर', त्याचीच आद्याक्षरं पोकरा. मराठी नाव 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प'. गावपातळीवरची समितीसुद्धा 'ग्राम कृषी संजीवनी समिती'. म्हणजे 2018 पासून विदर्भ-मराठवाड्यात जो प्रकल्प चालला, त्याच्या मराठी पाटीवर 'रेझिलियन्स' कुठेच नाही. त्या जागी संजीवनी, आणि ती तर मेलेल्याला उठवते. इथे मरू न देण्याबद्दल बोलणं चाललंय.

एमबीवाला
शब्द राहू द्या, वस्तू बघा. रपटा घ्या. पूल पाण्याच्या वर राहतो, रपटा पाण्याखाली जायलाच बांधलेला असतो. पूर वरून जातो, चार-सहा तास रस्ता बंद, पाणी उतरलं की गाळ खरडायचा आणि बैलबंडी चालू. गुण हाच आहे : बुडतो, पण जात नाही.

आता तो जातो कधी तेही पाहा. वरून पाणी गेलं म्हणून रपटा सहसा जात नाही. खालच्या अंगाला पाणी आपटून खड्डा पडतो, खड्डा मागे सरकत फरशीच्या बुडाशी येतो, आणि स्लॅब अधांतरी राहून मोडतो. म्हणून वर आणि खाली, दोन्ही कडांना जमिनीत उतरणारी कट-ऑफ भिंत आणि खालच्या बाजूला मोठ्या दगडांचा ॲप्रन लागतो. अंदाजपत्रक कमी करायला बसले की सर्वात आधी हेच दोन आयटम उडतात, कारण काम झाल्यावर ते डोळ्यांना दिसत नाहीत.

दुसरं, पाइप. 300 मिलिमीटरचा पाइप कागदावर पाणी काढतो. जूनच्या पहिल्या पुरात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्या, वाहून येतात, तोंडाशी आडव्या बसतात, आणि रपट्याचा बंधारा होतो. मग पाणी बगलेची माती कापून नवी वाट करतं. रपटा जागेवर उभा आणि नाला शेजारून चालला. 900 मिलिमीटरचा एनपी-3 दर्जाचा सिमेंटचा ह्यूम पाइप टाकला तर काडीकचरा निघून जातो, आणि अडकलाच तर माणूस वाकून आत हात घालू शकतो.

कोशकिडा
'रपटा' हिंदी. रपटना म्हणजे घसरणे. मराठीत 'फरशी पूल' आहे.

एमबीवाला
असेल हिंदी. आमच्याकडे घसरूनच पडतात त्याच्यावर, शेवाळ धरलं की. शब्द फिट्ट बसला.

वर्धाकाठ
काय राजेहो, सगळा विदर्भ रपटा म्हणून राहिला आन् तुम्ही फरशी शोधून राहिले. उद्या पांदण रस्त्याला पण 'पाणंद' म्हणा म्हणाल.

कोशकिडा
म्हणणारच. योजनेच्या नावात 'शेत/पाणंद रस्ते' असंच आहे. पाणंद हे प्रमाण रूप.

वर्धाकाठ
आन् ते काम सांगायला माणूस येते तवा म्हणते काय? पांदण. दोन बाजूंनी धुरे, मधून बंडीची चाकोरी, पावसाळ्यात गुडघाभर गारा, म्हंजे चिखल. 'पांदण'चं मूळ 'पंथ'मध्ये असावं असा माझा तर्क.

तळटीप
तर्क म्हणूनच राहू द्या. मला तो पाण्याचा शब्द वाटतो, कारण पावसाळ्यात पांदण म्हणजे नालाच असतो. याला पुरावा काही नाही.

एमबीवाला
नाला होतो कारण शेतं चढत जातात आणि रस्ता बंडीनं खोल जातो. काळ्या मातीवर नुसता मुरूम ओतला तर पहिल्या पावसात तो खाली आणि चिखल वर. वरचा मऊ थर काढा, मध्ये उंच आणि कडेला उतार द्या, दोन्ही बाजूंना चर काढा, मग मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून दाबा. चर नसेल तर बाकी सगळा खर्च मातीत. आणि हो, चराला वहिवाटीची जागा लागते. धुरा कोणाचा, यावरच अर्धी कामं अडतात.

ठरावबुक
मूळ प्रश्नाकडे या, वाक्यात 'निधी' आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधितमधला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. अबंधित स्थानिक गरजेला, फक्त पगार आणि आस्थापना सोडून. म्हणजे कामाला नाव काय दिलं यावर ते कोणत्या पिशवीतून जाईल ते ठरतं. शाळेच्या छताचं पाणी टाकीत घ्यायचं काम 'पर्जन्यजल साठवण' म्हणून बंधितमध्ये बसतं. त्याच शाळेमागची पूरसंरक्षण भिंत अबंधितमधूनच. ठरावात दोन्ही मिळून 'शाळा परिसर ____ वाढवणे' असं गोड लिहिलं तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर काम कोणत्या खात्यात टाकायचं हे कोणालाच कळत नाही आणि देयक लटकतं. म्हणून ठरावात कामाचं नाव साधं ठेवा. मोठा शब्द प्रस्तावनेत जाऊ द्या.

आणि 'लवचीक' तर निधीच्या शेजारी नकोच. लवचीक निधी म्हटलं की लोक समजतात, हेड (खर्चाचा कप्पा) बदलता येणारा पैसा.

तळटीप
बंधित की बंदित? दोन्ही लिहिलेलं पाहिलंय.

कोशकिडा
बंधित. बंध घातलेला. 'बंदित' वाचून माणसाला वाटतं निधी बंद झाला.

ठरावबुक
इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ग्रामसभेत हा प्रश्न येतोच. 'अटींचा निधी' आणि 'मोकळा निधी' म्हटलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

कोशकिडा
'मोकळा' नको. मोकळा म्हणजे विनाहिशेबाचा.

धानपट्टी
भंडारा-गोंदियाकडून दोन शब्द. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव राहिले. तलावाचे भाग : पाळीला पार, पाणी सोडायच्या दगडी बांधणीला तुडूम, जादा पाणी निघून जायच्या जागेला सलंग. यातली सलंग म्हणजे तुमचा रेझिलियन्स. तलाव भरला की पाणी सलंगेवरून जातं, पारावरून जात नाही. मातीच्या पारावरून एकदा पाणी वाहिलं की तो फुटतोच, मग कितीही जाड असो. उन्हाळी धानाला पाणी पुरावं म्हणून कोणी सलंगेवर मातीच्या पोत्यांचा थर चढवतं, पाणी वाढतं आणि पाराची उरलेली उंची खाऊन टाकतं. उलट, बुडीत जमिनीत पेरणाऱ्याला सलंग फोडलेली हवी असते. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात गाळ काढण्याच्या आधी सलंगेची पातळी मोजून लिहावी. गाळावर पैसा लवकर मिळतो, कारण ढीग दिसतो.

पानपुसणी
वा. पण 'गावाची सलंग वाढवणाऱ्या कामांसाठी' लिहू शकत नाही!

तळटीप
लिहू नकाच. सलंग वाढवली की पार फुटतो, आत्ताच सांगितलं ना त्यांनी.

वर्धाकाठ
मी 'तग' म्हणतो. पावसानं ताण दिला तर शेतकरी काय म्हणते? पऱ्हाटी तग धरून हाये.

ठरावबुक
तग म्हणजे पाऊस येईपर्यंत थांबणं. रपट्याला तग चालेल. पण पुरात दुकान वाहिलेल्या बचत गटाला तग नको, परत उभं राहायला हवं. ते 'सावरणं'. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजीत एकाच पोत्यात भरल्यात. आपत्तीच्या पैशातही हे वेगळं आहे : राज्याच्या 2021-26 च्या वाटपात 80 टक्के प्रतिसाद निधीला, 20 टक्के सौम्यीकरणाला (संकटाआधीच नुकसान कमी करायला).

कोशकिडा
'सौम्यीकरण'! पुराला सौम्य करणार म्हणे. हा शब्द कोणी पाडला त्याला माझा दंडवत. 'उपशमन' होतं की.

एमबीवाला
उपशमन ऐकून खोकल्याचं औषध आठवतं.

पानपुसणी
फाईल सोमवारी जाते. प्रस्तावनेत 'संकटात तग धरण्याची आणि त्यातून सावरण्याची क्षमता', पुढे सगळीकडे नुसतं 'तग-सावर क्षमता'. चालेल?

कोशकिडा
'तग-सावर' हा समास कुठला? 'तग' नाम, 'सावर' धातू. असा द्वंद्व होत नाही.

वर्धाकाठ
होत नाही म्हणता आन् झाला बी. ताई, मधली ती आडवी रेघ ठेवा, नाहीतर कोणी 'तगसावर' नावाचं गाव समजन.

एमबीवाला
पुस्तिकेत रपट्याचं चित्र असेल तर कट-ऑफ भिंत जमिनीखाली तुटक रेषेनं दाखवा. सगळ्या चित्रांत ती विसरलेली असते.