मदत हवी आहे: बस्तरमध्ये सल्फी आणि चापडा चटणी
जानेवारीत नागपूरहून गाडी काढून जगदलपूरला जायचा प्लॅन आहे, फिरणं नावाला, मुख्य काम खाणं. सल्फी प्यायचीय, म्हणजे आपल्या भेरली माडाचाच रस, सकाळी उतरवल्या उतरवल्या गोड लागतो आणि ऊन वाढेल तसा आंबून चढायला लागतो, तर आठवडी बाजारात ताजी मिळायला किती वाजता पोचावं? दुसरं म्हणजे चापडा, लाल मुंग्या नि त्यांची अंडी मिरची-मीठ घालून वाटतात ती आंबट चटणी. आमच्या ह्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, ओठ टम्म सुजतात, आणि अशांना किडेही बाधू शकतात म्हणे. कोळंबी न चालणाऱ्या कुणी खाल्लीय का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण हा माणूस ऐकणाऱ्यातला नाही हो, माझ्याआधी द्रोणात बोट घालेल.