वेट लेन्स लावली की चारही कोपरे काळे, मदत हवी आहे

मंडळी, पाण्याखाली फोटो काढतो. माझ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या हाउसिंगला (जलरोधक डब्याला) सपाट पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची काचेची खिडकी आहे, त्यावर ५२ मिमीचे आटे. वेट वाइड लेन्स (हाउसिंगवर बाहेरून चढवायची, जास्त रुंद दृश्य टिपणारी) मात्र ६७ मिमीची, म्हणून मध्ये स्टेप-अप रिंग घातली. आता झूम २४ मिमीला ठेवून फोटो काढला की चारही कोपरे काळे. २८ पर्यंत झूम केलं की जातात. याच रिंगवर मॅक्रो लेन्स मात्र बिनतक्रार चालते. रिंगमुळे वाइड लेन्स पोर्टच्या काचेपासून चार-पाच मिमी पुढे सरकली आहे, माझा संशय त्या फटीवरच. थेट हाउसिंगवर बसणारा बेयोनेट अडॅप्टर (आट्यांऐवजी खाचेत फिरवून अडकवायचा) घेतला तर फट मिटेल का, की २४ ला ही जोडी जमणारच नाही?

त्याच फटीत पाण्यात उतरल्यावर बुडबुडे अडकतात. लेन्स अर्धी सैल करून हलवतो, तरी एखादा नेमका माशाच्या डोळ्यावर येतोच!

आणखी एक. रिंग आणि लेन्स दोन्हीचे आटे अॅल्युमिनियमचे. मागच्या वेळी खारं पाणी सुकून असे जाम झाले की रबरी पट्टा गुंडाळून पिळावं लागलं. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावता का कुणी? काचेवर पसरण्याची भीती वाटते.