मुंबई-ठाणे-पालघर: पाण्याचं एकच प्राधिकरण हवं की नको?

डोंबिवलीकर
परवा रात्री अकराला सोसायटीत टँकर आला. टाकीत पाइप सोडता सोडता ड्रायव्हर म्हणाला, "पलीकडच्या कॉम्प्लेक्सच्या दोन फेऱ्या झाल्या, मग तुमचा नंबर." पलीकडचं कॉम्प्लेक्स दुसऱ्या हद्दीत येतं. नदी मात्र दोघांची एकच, उल्हास.

या नदीतून कल्याण-डोंबिवली पाणी उचलते, एमआयडीसी उचलते, बदलापूर-अंबरनाथसाठी राज्य सरकारचं जीवन प्राधिकरण उचलतं, शिवाय स्टेम ही ठाणे-भिवंडीकडची सामायिक पाणी संस्था. उन्हाळ्यात नदी वाहते ती बारवी धरणातून सोडलेल्या पाण्यावर आणि टाटांच्या आंध्रा धरणाच्या पाण्यावर, जे भिवपुरीला वीज करून खाली येतं. साठा कमी पडला की पाटबंधारे खातं कपात लावतं आणि सगळे निमूटपणे आठवड्यातून एक दिवस उपसा बंद ठेवतात. टंचाईत एका वेळापत्रकावर चालता येतं, मग पुढच्या वीस वर्षांचं पाणी ठरवताना जो तो आपापलं धरण का शोधतो? मुंबईला गारगाई हवं, ठाण्याला शाई हवं होतं, काळूचं घोंगडं भिजत पडलंय.

महानगर प्रदेशाचा विकास बघणाऱ्या एमएमआरडीएने सूर्या धरणाच्या पाण्याची योजना केलीच ना? रोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. तसंच सगळ्या महानगर प्रदेशासाठी एक प्राधिकरण करा.

नेरूळकर
मोरबे धरण आम्ही नवी मुंबईने विकत घेतलं. तेव्हा बाकीचे झोपले होते. आता सामायिक हंड्यात ओता म्हणता? नको रे बाबा.

डोंबिवलीकर
पनवेलच्या हद्दीतल्या कामोठ्याला तुमचंच पाणी जातं, ते कुठल्या हंड्यातून?

नेरूळकर
ते आम्ही देतो. देणं वेगळं, काढून घेणं वेगळं.

शहापूरची
दोघांचं भांडण वाचून करमणूक झाली. आता आमचं ऐका.

तानसा १८९२ चं धरण, भातसा त्यानंतरचं, दोन्ही शहापूर तालुक्यात. फेब्रुवारी-मार्च उलटला की आमच्या वरच्या पाड्यांवर टँकर सुरू. माझ्या मावशीच्या पाड्यावर टँकर विहिरीत ओततात, गढूळ पाणी खाली बसेपर्यंत बाया काठावर बसून राहतात. मग आधी कोणाचा पोहरा यावरून वाद. तिथून मुंबईची जलवाहिनी फार लांब नाही. लहानपणी आम्ही पोरं तिच्या गळक्या व्हॉल्व्हखाली हंडे लावायचो, चौकीदार दिसला की पळायचं.

बरं, शहापूरची तहान भागवायला योजना कुठून? इगतपुरीच्या भावली धरणातून! आमच्या तालुक्यातलं पाणी खाली मुंबईला, आणि आमच्यासाठी नाशिक जिल्ह्यातून. हे मी रचून सांगत नाही.

त्यामुळे तुमच्या प्राधिकरणात "प्रदेश" म्हणजे फक्त नळ असलेली शहरं असतील तर आमचा विरोध. मुरबाडच्या लोकांनी काळूला विरोध केला तो उगाच नाही. धरणाखालच्या आणि धरणाशेजारच्या गावांचा वाटा आधी, लेखी. मग बोला.

जुना_अभियंता
नोकरीत असताना अशा एका सामायिक योजनेवर काम केलंय, म्हणून दोन शब्द.

स्टेम म्हणजे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांचीच एकत्र संस्था. म्हणजे डोंबिवलीकर म्हणतात तसं सहकार्य इथे कधीचं चालू आहे. अडचण कागदावर नसते, पाइपात असते. वाटा ठरलेला असतो, पण वरच्या अंगाच्या कोणी चावी थोडी जास्त उघडली की शेपटाच्या गावाला दाब पडत नाही. मग रात्री दोन वाजता फोन: "साहेब, टाकी भरली नाही." मीटर दोन्ही बाजूंनी मान्य असेल तरच भांडण मिटतं. तो मान्य नसेल तर प्राधिकरण एक करा की दहा, फरक शून्य.

दुसरं, नवं धरण हाच पहिला उपाय का? नवी मुंबई प्रक्रिया केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना विकते. तेवढं स्वच्छ पाणी घरांसाठी मोकळं होतं. इतरांनी हे का करू नये?

नेरूळकर
हे मात्र खरं. टाळ्या.

दादरचा
मुंबईकर म्हणून ऐकून घेतोय. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आखलाय, रोज २०० दशलक्ष लिटरचा, पुढे ४०० करायचा. त्याला वीज खूप लागते, पण गारगाईत झाडं जातात आणि गावं उठतात. मला तरी महाग पाणी परवडेल.

शहापूरची
तुम्हाला परवडेल. चाळीतल्यांना विचारलंत का?

दादरचा
दर टप्प्यांत लावायचे. जास्त वापर, जास्त दर. चाळीतला माणूस टब भरून आंघोळ करत नाही.

डोंबिवलीकर
शहापूरच्या ताई, तुमचा मुद्दा पटला. सूर्याचं उदाहरण देताना तो माझ्या डोक्यात नव्हता, ही चूक. स्रोताच्या तालुक्याला मतासकट जागा हवी, नुसत्या सल्लागारपदाची नको. एकच प्राधिकरण हवं हे मात्र मी सोडत नाही. वेगवेगळ्या पालिका एकेकट्या मंत्रालयात गेल्या की ज्याचा आमदार वजनदार त्याला पाणी, हे रोज बघतोय.

शहापूरची
मग प्राधिकरणाचं कार्यालय शहापूरला ठेवा, मे महिन्यात बैठक घ्या. पाणी घरून आणा.