लिंगभावाच्या चौकटी मोडायला ॲनिमेशन कामाचं, की नुसती पळवाट?

बर्डीकर: बाईनं असं वागावं, पुरुषानं तसं, आणि दोन्हींत न बसणाऱ्यांचं काय, यावर नागपुरातल्या कॉलेजांत नि वस्त्यांत दाखवायला दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म काढायचं इथल्या एका गटात ठरतंय. माझा विरोध. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानं तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः ठरवायचा हक्क मिळाला, 2018 मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून वगळले गेले. आता माणसं समोर आणा की! चित्रांआड काहून लपायचं?

चोवीसफ्रेम: निकाल कोर्टात लागला, घरमालकाला कोण सांगणार? चेहरा दाखवला की दुसऱ्या दिवशी खोली खाली करा. पण माझा मुद्दा वेगळा आहे. पात्र बाई की पुरुष, हे प्रेक्षक संवादाआधी चालीवरूनच ठरवून मोकळा होतो. एका सेकंदाच्या 24 फ्रेममध्ये दोन पावलं बसतात. बाई असेल तर कंबर वजनाच्या पायाकडे जास्त ढकला, पावलं एका रेषेत टाका, हा ठरलेला साचा. तीच चाल मग दहावीच्या पोरीलाही आणि दोन हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या काकूंनाही! पापण्या, लाल ओठ काढून टाका, पात्र लगेच ‘पुरुष’ वाटायला लागतं. ही चौकट चित्रात जशी उघडी पडते, तशी भाषणात पडत नाही.

झाडीचा: आपल्या खडी गंमतीत, म्हणजे तमाशासारख्या लोकनाट्यात, पुरुष पिढ्यानपिढ्या बाईची कामं करत आले. कोणती चौकट मोडली? लोक हसले, घरी गेले.

चोवीसफ्रेम: हसू कुठे येतं ते बघा ना. आधी आवाज बंद करून दहा-बारा जणांना फिल्म दाखवा आणि हशाची वेळ टिपा. लचकणाऱ्या मनगटावर हसले तर ते ड्रॉइंग फेका, दोष तुमचा. टोमणा मारणाऱ्याचा चेहरा आणखी 10-12 फ्रेम धरून ठेवला, की हसू त्याच्यावर जातं.

बर्डीकर: बरं, आणि आवाज? बोलणाऱ्याची ओळख लपवायला पिच (आवाजाची पट्टी) बदलला की एक तर गुंड, नाहीतर कार्टून.

चोवीसफ्रेम: पिचला हात लावूच नका. मुलाखत उतरवून घ्या, गल्ली-कॉलेजची नावं काढा, बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या आणि मजकूर त्याच्याच (तृतीयपंथी किंवा समलिंगी) समाजातल्या दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या.

रामदासपेठ_टूज: खर्चाचं बोला. दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी सेकंदाला 12, दोन मिनिटांना 1440. हातानं काढत बसाल तर गट फुटेल. जाड कार्डशीटचे कटआउट करा, सांधे मागून दोऱ्यानं जोडा, त्यांच्या वरच्या बाजूला मोबाइल कॅमेरा खाली करून बांधा, नि थोडं थोडं हलवत एकेक फोटो घ्या. एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. खिडकी झाका, ऊन सरकलं की प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा. आणि शूट मे महिन्यात असेल तर कूलर बंद ठेवा बाप्पा, हात एकीकडे नि पाय दुसरीकडे उडतील.

बर्डीकर: फिल्म करा. पण नंतरच्या चर्चेला त्याच समाजातली व्यक्ती मानधन देऊन बोलवा, निदान अर्धा तास. ते बजेटात नसेल तर माझा विरोध कायम.

झाडीचा: माझाही. आणि पहिला खेळ कॉलेजात नको, पालकसभेत लावा.